सूचना: रविवारच्या बैठकीसाठी ‘अ‍ॅलिस’चे संदर्भ

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, येत्या रविवारच्या बैठकीत लुइस कॅरल यांच्या ‘अ‍ॅलिस’च्या दोन पुस्तकांचे कॉमिक्स व कार्टूनमध्ये उमटलेले पडसाद या विषयावर चर्चा होईल. प्रत्येकाने एक संदर्भ निवडून आणावा. मात्र तो १८६५च्या पहिल्या पुस्तकातला की १८७१च्या दुसऱ्या, याची खात्री मूळ पान उघडून करावी. ही अट मुद्दाम घातली आहे, कारण डिस्नेच्या १९३६च्या लघुपटात मिकी माउस ज्या आरशातून पलीकडे जातो तो दुसऱ्या पुस्तकातला, तर तिथे त्याच्या मागे लागणारी पत्त्यांची फौज पहिल्यातली आहे, आणि अशी सरमिसळ पुढेही सर्रास होत राहिली.

बॅटमॅनच्या कॉमिक्समध्ये १९४८ साली अवतरलेला मॅड हॅटर हा खलनायक विशेष बारकाईने पाहावा. ‘अ‍ॅलिस’चे चित्रकार जॉन टेनिअल यांनी पहिल्या पुस्तकातल्या मूळ हॅटरच्या (टोपीवाल्याच्या) टोपीवर खोचलेली ‘१०/६’ ही साडेदहा शिलिंग किमतीची चिठ्ठी पुढे या खलनायकाच्याही टोपीवर दिसू लागली. मूळचा चहाबाज हॅटर मात्र फार तर उद्धट होता, गुन्हेगार नव्हे. तसेच, अ‍ॅलिस ज्यातून अद्भुत जगात पोहोचते तसे नुसते सशाचे बीळ दिसले म्हणून तो संदर्भ धरू नये.

आपली निवड शुक्रवारपर्यंत चिटणीसांना कळवावी.