बाळाचा बाप्तिस्मा, आणि थोडं माझ्याबद्दल

मंगळवार रात्र, बाळ झोपल्यावर

प्रिय आई, प्रिय बाबा,

दोघांचा आशीर्वाद मागते. हे फोनवर बोलायचं तीनदा ठरवलं आणि तिन्ही वेळा आईच्या गुडघ्यावर विषय नेऊन फोन ठेवला. म्हणून पत्र. दादाला सांगितलंय, मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दे. आई, तू स्वतः चष्मा लावून वाच. बाबांकडून वाचून घेऊ नकोस, ते मधल्या ओळी गाळतात.

ठरलेलं आधी सांगते. बाळाचा बाप्तिस्मा सप्टेंबरात आहे, मारियामातेच्या वाढदिवसाला लागून येणाऱ्या रविवारी. तो इथे नेदरलँड्समधल्या ओल्ड कॅथलिक चर्चमध्ये, म्हणजे रोमच्या अधिकाराखाली नसलेल्या कॅथलिकांच्या चर्चमध्ये होणार आहे. आणि पेन्टेकॉस्टच्या सणापासून माझंही नाव मी त्याच चर्चच्या नोंदवहीत घातलं आहे.

बाबा, "आम्हाला विचारलं नाहीस" हे तुमच्या ओठांवर आलंच असेल. नाही विचारलं. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात, आणि मग तुमचा शब्द मोडून मी हेच केलं असतं. त्यापेक्षा असं बरं वाटलं. चुकलं असेल तर रागवा, पण गोळ्या घेऊन झाल्यावर रागवा.

आई, तुझ्या पोटात खड्डा पडला असेल तर आधी हे वाच. पाणी तेच, तेल तेच, मेणबत्ती तीच, पिता-पुत्र-पवित्र आत्मा ही नावंही तीच. हा बाप्तिस्मा रोमही ग्राह्य मानतं. उद्या आम्ही वसईला आलो तर बाळाला कोणी पुन्हा पाण्याखाली धरणार नाही. तू म्हणतेस तशी ही "हॉलमध्ये गिटार वाजवणारी मंडळी" नाहीत. वेदी आहे, धूप आहे, मिस्सा आहे, कोपऱ्यात माता आहे आणि तिच्यासमोर मेणबत्त्या लावायला वाळूचा ट्रे आहे. पहिल्यांदा गेले तेव्हा दाराशी पवित्र पाण्यात बोटं बुडवताना हात आपोआप गेला, गावच्या देवळात जातो तसाच.

आता कारण. तुम्हाला ते ठाऊक आहे, फक्त आपण कधी बोललो नाही. आमचं लग्न रजिस्टर झालं त्या दिवशी आईने फोनवर एवढंच विचारलं, "जेवलात का?" तुमच्या जावयांचं आधीचं लग्न मोडलेलं, त्यामुळे देवळात आमचं लग्न लागणार नव्हतं. चर्चच्या कोर्टात अर्ज करायला ते तयार नव्हते. पहिलं लग्न मुळात झालंच नव्हतं असं म्हणणं त्यांना खोटं वाटत होतं. मला त्यांचं पटलं, आणि पटलं म्हणून जास्त रडू आलं. त्यानंतर चार वर्षं मी दर रविवारी मिस्साला जात होते. पण अशा लग्नामुळे कम्युनियन, म्हणजे वेदीपाशी मिळणारा प्रसाद, मला बंद होता. त्याची वेळ आली की बाकावर पाय आखडून बसायचे, शेजारच्यांना बाहेर पडायला वाट मिळावी म्हणून. एकदा एका छोट्या मुलीने जाता जाता विचारलं, "तू नाही येत?" त्या रात्री मी तुम्हाला फोन केला होता आणि सुकटाच्या चटणीत चिंच किती घालतेस असं आईला विचारलं होतं. आई, चटणी मला येते गं.

मग जावयांची आजी गेली. एग्मोंद-आन-झे हे समुद्रकाठचं कोळ्यांचं गाव, तिथे ओल्ड कॅथलिक घरं पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत. वाळूचा वास थेट आपल्या भुईगावासारखा. अंत्यविधीला मी सवयीने पाय आखडून बसले. तिथे घटस्फोटितांना, पुन्हा लग्न केलेल्यांना वेदीपासून लांब ठेवत नाहीत, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. जावयांच्या आत्याने माझ्या कोपराला धरून मला रांगेत उभं केलं. पुढचं लिहीत नाही, आई रडेल. पुढच्या वर्षी आमच्या लग्नाला तिथे आशीर्वाद मिळाला. फोटो तुम्हाला पाठवला नव्हता. हिरव्या साडीतला तो फोटो "मैत्रिणीच्या लग्नातला" म्हणून पाठवला, तो तोच. माफ करा.

बाबा, आता तुमच्यासाठी. "हे चर्च काढलं कोणी?" हा तुमचा पहिला प्रश्न असणार. काढलं कोणीच नाही. उत्रेख्त शहरातली बिशपांची गादी तिथले पहिले बिशप संत विलिब्रॉर्ड यांच्यापासूनची, म्हणजे सातव्या शतकाच्या शेवटापासूनची. प्रोटेस्टंटांचं राज्य आलं तेव्हा कॅथलिकांना उघडपणे मिस्सा करायची बंदी झाली. मग घरांच्या आत लपलेली देवळं झाली. उत्रेख्तला गेर्ट्रुडिस कथीड्रलला लागून असं एक आहे, बाहेरून साधं घर दिसतं. तुम्ही आलात की पहिलं तेच दाखवणार. भांडण झालं ते बिशप कोणी निवडायचा यावरून. रोमचं म्हणणं, हा देश आता मिशनचा मुलूख झाला, माणूस आम्ही नेमू. इथल्या कथीड्रलच्या पाद्रीमंडळाचं म्हणणं, आमचा निवडायचा हक्क संपलेला नाही. पेत्रुस कोडे म्हणून इथले प्रमुख होते, त्यांच्यावर यान्सेनवादी (रोमने पाखंडी ठरवलेल्या मताचे) असल्याचा आरोप ठेवून रोमने १७०२ साली त्यांना निलंबित केलं, दोन वर्षांनी काढूनच टाकलं. मग कित्येक वर्षं बिशप नाही, पोरांना दृढीकरण नाही, तो संस्कार बिशपांच्या हातूनच व्हायचा. १७१९ मध्ये दोमिनिक व्हार्ले नावाचे फ्रेंच बिशप इराणकडे जाताना ॲम्स्टरडॅमला थांबले आणि त्यांनी सहाशेवर जणांना दृढीकरण दिलं. एवढ्यावरून त्यांचीही गादी गेली! शेवटी १७२३ मध्ये पाद्रीमंडळाने कोर्नेलियस स्टेनोवेन यांना निवडलं, आणि पुढच्या वर्षी त्याच व्हार्लेंनी त्यांचा अभिषेक केला.

मला यातली एक गोष्ट फार आवडते. नवा बिशप निवडला की ही माणसं दर वेळी रोमला रीतसर पत्र लिहून कळवायची. आणि रोमहून दर वेळी उत्तर यायचं, तुम्ही बहिष्कृत. तरी पुढचा बिशप निवडला की पुन्हा पत्र. मीही आज तेच करते आहे. तुमचं उत्तर मात्र रोमसारखं नको.

१८५३ मध्ये पोपनी इथे पुन्हा आपले बिशप नेमले, त्यामुळे उत्रेख्तला तेव्हापासून दोन आर्चबिशप आहेत. १८७० च्या व्हॅटिकन परिषदेत धर्माच्या शिकवणीत पोप अचूक असल्याचा ठराव झाला. तो न मानणारे जर्मन आणि स्विस कॅथलिक उत्रेख्तकडे आले, आणि १८८९ मध्ये सगळ्यांचा मिळून उत्रेख्तचा संघ झाला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पहिल्या हजार वर्षांत अख्ख्या चर्चने मिळून जे मानलं ते आमचं. रोमच्या बिशपांना मान पहिला, पण ते बरोबरीच्यांमधले पहिले. पोपला शिव्या वगैरे कोणी देत नाही. दादाच्या ग्रुपवर कोणी तसं फॉरवर्ड केलं तर बाबा, तुम्ही उत्तर द्यायचं.

आणि बाबा, वसईच्या माणसाला यात नवल कसलं? तुम्हीच सांगायचात की तुमचे आजोबा दमणच्या बिशपांचे, आणि मुंबईत पाद्रोआदोचं (पोर्तुगालच्या राजाच्या हक्कातलं) देऊळ वेगळं, प्रोपागांडाचं (थेट रोमच्या हाताखालचं) वेगळं. एकाने लावलेलं लग्न दुसऱ्याला चालायचं नाही म्हणून घराघरांत भांडणं. १९२८ मध्ये आपण मुंबईच्या आर्चबिशपांकडे गेलो, १९९८ मध्ये वसईचा धर्मप्रांत झाला. आपण कोणाचे हे कागदावर इतक्यांदा बदललं, तरी क्रुसापाशी म्हणायची जपमाळ काही बदलली नाही. हे माझं नाही हां, गणपतीच्या सुट्टीत ओट्यावर बसून तुम्हीच बोलला होतात.

गोव्याच्या सहलीत रायबंदरचं ते देऊळ आठवतं? आल्वारिस पाद्रींची कबर बघायला तुम्ही रिक्षा थांबवली होतीत आणि आई उन्हात वैतागली होती. तेही १८८९ मध्येच केरळात कोट्टायमला बिशप झाले, मार ज्युलियस नावाने, रोमपासून वेगळे होऊन. त्यांचा अभिषेक केरळच्या सुरियानी ख्रिस्ती परंपरेतला, उत्रेख्तशी त्याचा संबंध नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण "स्वतंत्र कॅथलिक" म्हणवणारे आज पुष्कळ आहेत, आणि तुम्ही गूगल करून भलत्याच कोणाची माहिती काढून मला रात्री दोनला फोन कराल.

मला खरं जिंकलं ते मीटिंगने. हसू नका. वर्षातून एकदा पॅरिशची सभा असते, नोंदवहीत नाव असलेला प्रत्येक जण येऊ शकतो. कॉफी आली, बरोबर प्रत्येकी एक बिस्किट, आणि डब्याचं झाकण लागलं. (आई, इथे दुसरं बिस्किट विचारत नाहीत, तयारीत ये.) हिशेबाचे कागद सगळ्यांच्या हातात होते. हीटिंगचा बॉयलर बदलायचा होता, त्यावर दीड तास वाद झाला. ऐंशीच्या पुढच्या एक बाई उभ्या राहिल्या आणि पाद्रींच्या तोंडावर म्हणाल्या, "हा आकडा मला पटत नाही, दुसरं कोटेशन आणा." कोणी त्यांना खाली बसवलं नाही. दुसरं कोटेशन आणायचं ठरलं. मी हात वर करून मत दिलं आणि मला तुमची लाल वही आठवली, बाबा. सणाच्या वर्गणीचा पैन्‌पैचा हिशेब, आणि ती वही न उघडताच तुमच्या हाती परत आली ती संध्याकाळ. तुम्ही घरी येऊन काही न बोलता केळीला पाणी घालत बसला होतात, अंधार पडेपर्यंत.

बिशपही इथे निवडूनच येतात, पाद्री आणि साधे सभासद मिळून मतदान करतात. सध्याचे आर्चबिशप बेर्न्ड वालेट २०२० मध्ये निवडून आले, करोनामुळे अभिषेक व्हायला पुढचं वर्ष उजाडलं. सगळं गोड आहे असं मात्र नाही. माणसं थोडी, अख्ख्या देशात दहा हजारसुद्धा भरत नाहीत. रविवारी आम्ही तीस जण असलो की गर्दी म्हणायची. तरुण त्याहून कमी. कधी कधी गावच्या सणाची बँड, फटाके, पाय ठेवायला जागा नसलेली मिस्सा आठवते आणि घशात काहीतरी अडकतं.

आता आईला जड जाईल ते. पाद्रींना इथे लग्न करायची मुभा आहे, १९२२ पासून. आणि आमच्या पाद्री बाई आहेत. त्यांना "पास्टोर" म्हणतात. ऐकायला आपल्याकडच्या पास्टरसारखं वाटतं, पण इथे रोमन फादरांनाही तेच म्हणतात. बायकांना दीक्षा द्यायचं इथे १९९८ मध्ये ठरलं. त्यावरून संघातही फूट पडली, अमेरिकेतलं पोलिश चर्च २००३ मध्ये बाहेर गेलं. मलाही पहिल्या रविवारी विचित्र वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. मग बाळाच्या वेळी मी दवाखान्यात होते तेव्हा त्या डब्यात सूप घेऊन आल्या, आणि तेल लावताना माझ्या कपाळावर त्यांनी हात ठेवला तो अगदी तुझ्यासारखा, आई, तापात ठेवायचीस तसा. तुला त्यांच्या हातून कम्युनियन घ्यायचं नसेल तर घेऊ नकोस. कोणी वाईट वाटून घेणार नाही, मीही नाही.

मातेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा १८५४ चा सिद्धान्त ही मंडळी बंधनकारक मानत नाहीत, स्वर्गोन्नयनाचा १९५० चाही नाही. पण मातेचा मान कमी नाही. तू दिलेली जपमाळ पाळण्याला बांधली आहे, पाद्रीबाईंनीच गाठ घट्ट केली. श्रद्धांगीकारात पवित्र आत्मा "पित्यापासून" येतो एवढंच म्हणतात, "आणि पुत्रापासून" म्हणत नाहीत, जुन्या काळी नव्हतं म्हणून. मी अजून दर रविवारी त्या जागी अडखळते आणि एकटीच पुढे जाते.

तुमची सोय सगळी बघितली आहे. खालची खोली तुमची, जिना चढायचा नाही. इथले जिने शिडीसारखे असतात. पलंग उंच घेतलाय, आईला उठताना त्रास नको. उकडा तांदूळ मिळतो, बोंबील मिळत नाहीत, ते आणा, पण तीन पिशव्यांत बांधून. देवळात बॉयलर नवा आहे, दुसऱ्या कोटेशनचा! आणि रविवारची मिस्सा चुकणार नाही. उत्रेख्तला सेंट कॅथरिनचं रोमन कथीड्रल आहे, मी स्वतः घेऊन जाईन आणि शेजारी बसेन.

आता ऐका. बाबा, साखर तपासून आकडा मला पाठवायचा, "नॉर्मल आहे" चालणार नाही. पानवेलीच्या शिडीवर चढायचं नाही, गडी लावा, पैसे मी पाठवते. आईच्या डोळ्याची तारीख जुलैतच घ्या, पुढे ढकलू नका. व्हिसाच्या फोटोत आईने कान दिसतील असे केस बांधायचे. फादरांना मी वेगळं पत्र लिहिते, तुम्ही काही समजावत बसू नका. मोठ्या मावशीला मात्र आईने आधी सांगायचं, बाहेरून कळलं तर जन्मभर ऐकवेल. आणि बाबा, लाल वही बॅगेत टाका. मला हिशेब बघणाऱ्या समितीत यायला सांगितलंय, आणि तुमच्यासारखे रकाने मला अजून आखता येत नाहीत.

आई, माझ्या आणि दादाच्या बाप्तिस्म्याचा पांढरा झगा पेटीत तळाशी आहे, डांबरगोळ्यांजवळ. तो आण. तुला यायचं नसेल तर दादाबरोबर पाठव, मी समजेन. पण आण. सावलीत वाळव आणि नीळ घालू नकोस, त्याची लेस पिवळीच छान दिसते.

तुमची,
बाय