चिनी साम्राज्याचा पोशाख आणि छीपाओ

मा. संपादक,

स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत प्राचीन चीनच्या पेहरावावर आलेला सचित्र लेख वाचला. विषय चांगला निवडला होता; मात्र उंच कॉलरचा, अंगाला घट्ट बसणारा छीपाओ हा चिनी स्त्रियांचा ‘हजारो वर्षांचा’ पोशाख असल्याचे त्यात म्हटले आहे आणि हान काळातील स्त्रीच्या चित्रात झग्याचा पदर उलट्या बाजूने लपेटलेला छापला आहे. दोन्ही चुका किरकोळ वाटतील, पण चिनी साम्राज्यात कोणी काय नेसावे हे बऱ्याच अंशी राजसत्ता ठरवत असे आणि नेमके तेच त्यांच्यामुळे लेखातून निसटले आहे.

आधी चित्राविषयी. हान, तांग, सुंग, मिंग अशा वेगवेगळ्या राजवटींत बाह्या रुंदावल्या, अरुंद झाल्या, कमरेची रेषा वर सरकली, खाली आली. पण पुढून दुमडून नेसायच्या झग्याचा डावा पदर उजव्यावर घ्यायचा आणि उजव्या बगलेकडे बांधायचा, हा दंडक टिकला. उलटा पदर परकीय टोळ्यांची खूण समजला जाई, आणि मृताला नेसवतानाही पदर उलटाच घेत. त्या टोळ्यांना थोपवणारा क्वान चुंग नावाचा मंत्री झाला नसता तर आपण आज केस मोकळे सोडून उलटा पदर घेत फिरलो असतो, असे खुद्द कन्फ्यूशियसने म्हटले आहे. बहुधा छपाईच्या वेळी आपल्याकडे चित्र आरशातल्यासारखे उलटले असावे, पण त्यामुळे एका कुलीन स्त्रीला प्रेतवस्त्र नेसवले गेले.

याच हान काळातील एका वस्त्राचा लेखात उल्लेखही नाही, याचे हातमागाशी संबंध असलेल्या माझ्यासारख्याला विशेष आश्चर्य वाटले. हूनान प्रांतातील छांगशा शहराजवळ मावांगत्वी येथे १९७२ साली एका सरदारपत्नीची, इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातील कबर उघडली गेली. तिच्यात रेशमी जाळीदार कापडाचा, १२८ सेंटिमीटर लांबीचा, पूर्ण बाह्यांचा एक झगा सापडला. त्याचे वजन अवघे ४९ ग्रॅम भरले. अर्धा-पाऊण किलोची पैठणी रोज हाताळणाऱ्याला हा आकडा आधी छपाईची चूकच वाटेल. आजचे रेशीमकिडे अधिक पोसलेले असल्याने त्यांचा धागा जाड निघतो, म्हणून त्या झग्याची त्याच वजनाची प्रतिकृती विणण्यासाठी चिनी कारागिरांना अनेक वर्षे खटपट करावी लागली.

असे रेशीम कोणी वापरावे यावर मात्र बंधने होती. हान घराण्याच्या संस्थापक सम्राटाने इ.स.पू. १९९ मध्ये व्यापाऱ्यांना तलम रेशमी वस्त्रे वापरण्यास बंदी केली. पैसा असला तरी मान मिळू नये, हा त्यामागचा हेतू. तांग दरबारात ६३० साली रंगांची उतरंड ठरली: तिसऱ्या श्रेणीपर्यंतच्या अधिकाऱ्यांना जांभळा, चौथ्या-पाचव्या श्रेणीला लाल, त्याखाली हिरवा आणि सर्वांत खाली निळा. मिंग काळात, १३९१ पासून, अधिकाऱ्यांच्या छातीवर व पाठीवर चौकोनी भरतकाम आले. मुलकी अधिकाऱ्यांना पक्षी (वरच्या श्रेणीला क्रौंच, तर तळाच्या श्रेणीला लावा पक्षी) आणि लष्करी अधिकाऱ्यांना सिंह, वाघ, अस्वल असे पशू. पुढे छिंग राजवटीने ही पद्धत उचलली, पण त्यांचा वरचा डगला समोरून उघडत असल्यामुळे छातीवरचा चौकोन मधोमध दुभंगला आणि पाठीवरचा अखंड राहिला. संग्रहालयात असा चौकोन पाहायला मिळाला तर त्याच्या मधली शिवण पाहावी. बराचसा काळनिर्णय तिथेच होतो.

सामान्य शेतकऱ्याच्या अंगावर मात्र शतकानुशतके तागासारख्या झाडांच्या सालीचे जाडेभरडे कापडच राहिले. आपल्या उपखंडात हजारो वर्षे पिकणारा कापूस चीनच्या अंतर्भागात सर्वदूर पोहोचला तो युआन (मंगोल) आणि त्यानंतरच्या मिंग काळात.

आता छीपाओ. वर सांगितलेली छिंग राजवट ज्यांची, ते १६४४ मध्ये बीजिंग घेतलेले मांचू हे घोडेस्वार होते. त्यांच्या झग्याला घोड्यावर बसता यावे म्हणून चिरा असत, बाह्या अरुंद असत आणि मनगटापुढे खुराच्या आकाराची पट्टी येऊन हाताची पाठ झाकत असे. १६४५ मध्ये त्यांनी हान (इथे राजवट नव्हे, तर बहुसंख्य चिनी समाज) पुरुषांना डोक्याचा पुढचा भाग भादरून मागे वेणी ठेवण्याचा हुकूम दिला. न मानणाऱ्याला देहदंड होता. पोशाखही बदलण्याचे फर्मान निघाले. च्यांगयिन हे नगर या हुकुमाविरुद्ध सुमारे ऐंशी दिवस लढले, आणि पडल्यावर तिथे भयंकर कत्तल झाली. हान स्त्रियांना मात्र या सक्तीतून मोकळीक मिळाली व त्या आपला अंगरखा आणि घागऱ्यासारखे वस्त्रच नेसत राहिल्या. म्हणजे छीपाओचे मूळ ज्या मांचू झग्यात शोधतात, तो झगाही त्या काळी बहुसंख्य चिनी स्त्रियांचा नव्हता. आज आपण ओळखतो तो छीपाओ १९२० च्या दशकात, राजेशाही संपल्यावर, मुख्यतः शांघायमध्ये घडला आणि १९२९ मध्ये तत्कालीन सरकारने त्याला स्त्रियांच्या औपचारिक पोशाखात स्थान दिले. त्याचे वय शंभरीच्या आसपास आहे.

अशी गफलत चीनमध्येही होते. २००१ च्या शांघाय येथील एपेक (आशिया-पॅसिफिक आर्थिक सहकार्य) परिषदेत राष्ट्रप्रमुखांनी घातलेले रेशमी जाकीट ‘तांग पोशाख’ म्हणून गाजले, पण त्याची बेतणी मांचू डगल्यावरून घेतलेली होती, तांग घराण्याशी तिचा काही संबंध नव्हता. गेल्या दोन दशकांत तिथले अनेक तरुण हौसेने मांचूपूर्व पद्धतीचे झगे शिवून घेतात आणि कोणती शिवण कोणत्या राजवटीची यावर हमरीतुमरीवर येतात. मला ते भांडण योग्यच वाटते.

पुढील पुरवणीत छीपाओचा काळ दुरुस्त करून आणि ते चित्र सुलटे करून पुन्हा छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, येवला