आई, घर उबदार आहे

ती. बाबा व ती. सौ. आई यांस
साष्टांग नमस्कार.

पत्राला उशीर झाला. फोन होतोच, पण फोनवर आई "स्वयंपाकघर दाखव" म्हणते आणि बाबा "बरी आहेस ना" एवढं विचारून खळ्यात निघून जातात. मग त्यांचे खरे प्रश्न मला दादाकडून कळतात. म्हणून म्हटलं, बसून लिहूनच टाकावं. मी बरी आहे, खाऊनपिऊन आहे, वजन उतरलेलं नाही. व्हिडिओत गाल बसलेले दिसतात तो वरच्या दिव्याचा दोष आहे. नोकरीचं, गाडीच्या वेळांचं तुम्हाला पाठ आहे, ते पुन्हा लिहीत नाही.

थंडीची काळजी आता खरंच सोडा. इथे जर्मनीत बाहेर आज सकाळी उणे चार होतं आणि मी सुती कुर्त्यात, अनवाणी पायांनी पोहे करत होते. (शेंगदाणे फ्रायबुर्ग शहरातल्या दुकानात मिळतात, कढीपत्ता मिळाला तर नशीब.) घराच्या दुरुस्तीत जिन्याला कठडा लागायचाय, न्हाणीघराची एक भिंत अजून नुसती सिमेंटची आहे, पण राहण्याजोगं घर झालं. खाली सासूबाई, वर आम्ही. जिना एक, चुली दोन. चुली दोन आहेत हे आईसाठी मुद्दाम लिहिलं.

हे घर सासूबाईंच्या वडिलांनी 1958 साली बांधलं. भिंती पातळ, खिडक्यांतून वारा, आणि तळघरात जळणाच्या तेलाची मोठी टाकी. थंडीभर ते तेल जाळून पाणी तापवायचं आणि खोल्याखोल्यांतून फिरवायचं, अशी व्यवस्था. तळघरात उतरलं की नाकात डिझेल जायचं. ती टाकी काढली. आता परसात कंबरेएवढी एक पांढरी पेटी आहे, उष्णतेचा पंप. फ्रीज आतली उष्णता मागच्या जाळीतून बाहेर टाकतो ना, तेच ही उलटं करते: बाहेरच्या हवेतली उष्णता गोळा करून आत आणते. उणे चारमध्ये कसली आलीय उष्णता, असं बाबा म्हणणार. मीही म्हटलं होतं. पण असते. एक युनिट वीज घातली की तीन-साडेतीन युनिटांएवढी ऊब मिळते, कडाका वाढला की थोडी कमी. इथे विजेचं युनिट आपल्या तीस रुपयांच्या वर पडतं, त्यामुळे भिंती आणि छप्पर आधी धड करावं लागलं, नाहीतर सगळी ऊब रस्त्यावर.

छपरात काय भरलंय ऐकून बाबा हसतील: रद्दी. जुनी वर्तमानपत्रं दळून, कीड आणि आग लागू नये म्हणून त्यात बोरॅक्ससारखा क्षार मिसळून, जाड नळीने वाशांमधल्या पोकळीत फुंकतात. राखाडी कापसासारखं दिसतं. कामगार जेवायला गेले होते तेव्हा मी मूठभर हातात घेऊन बघितलं, तर त्यात एक कपटा शिल्लक होता, त्यावर कुठल्यातरी जाहिरातीची दीड अक्षरं. भिंतींना बाहेरून लाकडाच्या भुशाचे जाड तक्ते लावलेत. थर्माकोल स्वस्त पडला असता, पण तुमच्या जावयांनी ऐकलं नाही. त्यावरून आमचं चांगलंच वाजलं आणि मग मीही नमले. तक्ता पावसात भिजला तर काय, हा प्रश्न मी कोकणातली, राजापूरची म्हणून विचारला. वरून गिलावा असतो म्हणे. बघू.

आता एक कामाचं, बाबा नीट वाचा. घराच्या पश्चिमेच्या भिंतीवर राखाडी सिमेंटच्या चकत्या होत्या, त्यात ॲस्बेस्टॉस निघालं. जर्मनीत त्यावर 1993 पासून बंदी आहे. ते काढायला डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झगे आणि नाकावर मुखवटे चढवून माणसं आली. प्रत्येक चकती आधी ओली केली, न मोडता सोडवली आणि जाड पिशवीत बंद केली. झाडू एकदाही फिरवला नाही. मला सारखे आपल्या गोठ्यावरचे पत्रे दिसत होते. आपल्याकडे ते अजून राजरोस विकतात, आणि गोठ्याचे जितके जुने आहेत त्यावरून त्यातही तेच असणार. आहेत तसे धड असतील तर त्रास नाही. पण दादा त्यांना भोकं पाडून सोलरचा खांब लावायचा म्हणत होता, ते अजिबात करू देऊ नका. माकडांनी फोडलेले तुकडे पाणी मारून उचला, सुक्याने झाडू नका, आणि मुलांना त्यांनी पाटीसारखं रेघोट्या मारून खेळू देऊ नका. त्याची धूळ छातीत जाऊन बसते आणि आजार कित्येक वर्षांनी बाहेर पडतो. आम्ही लहानपणी खेळलोच आहोत, ते जाऊ दे.

आईने विचारलंय की इतकं घर बंदिस्त केलं, तर सासूबाई भर थंडीत सगळ्या खिडक्या सताड उघड्या टाकून का बसतात. व्हिडिओत मागे पडदे उडताना दिसले म्हणून विचारलं असणार. त्या विक्षिप्त नाहीत. इथे सगळेच तसं करतात, आणि हे मला समजायला वेळ लागला म्हणून सविस्तर लिहिते.

सकाळी उठल्यावर, अंघोळीनंतर, स्वयंपाक झाल्यावर आणि झोपण्याआधी, असं दिवसातून तीन-चार वेळा समोरासमोरच्या खिडक्या पूर्ण उघडायच्या. पाच ते दहा मिनिटं. मग बंद. बाहेर बर्फ पडत असला तरी. आपल्या श्वासाची, अंघोळीची, भाताची वाफ घरातच कोंडते. चार माणसांचं घर दिवसाला दहाएक लिटर पाणी असं हवेत सोडतं म्हणे. ती वाफ थंड कोपऱ्यात जाऊन धरते आणि कपाटामागे काळी बुरशी येते. बाहेरची गार हवा कोरडी असते, ती आत येऊन तापली की ओल शोषते, आणि पाच मिनिटांत भिंती काही गार होत नाहीत. हे शास्त्र. यापलीकडे एक आचारही आहे. इथल्या खिडकीचा दांडा आडवा केला की ती पूर्ण उघडते आणि वर केला की नुसती वरच्या बाजूने कलते. मला वाटलं कलती ठेवावी, हवाही येईल आणि थंडीही कमी. तर ते म्हणजे पाप. दिवसभर कलती खिडकी म्हणजे भिंत गार, ऊब वाया आणि बुरशीला आमंत्रण. भाडेकरूने खिडक्या नीट उघडल्या की नाही यावरून इथे कोर्टात खटले चालतात. आणि नव्या खिडक्या बसवल्या की घर आणखी कोंदट होतं, म्हणून एक तृतीयांशाहून जास्त खिडक्या बदलल्या तर हवा कशी खेळणार याचा वेगळा आराखडाच करावा लागतो. आम्ही केला.

सासूबाईंनी प्रत्येक खोलीत ओल मोजणारं एक छोटं घड्याळ लावलंय. आकडा 40 ते 60 मध्ये हवा. मी वरण-भाताचा कुकर लावला की तिसऱ्या शिट्टीला तो 68 वर जातो. मग खालून त्या येतात, काही बोलत नाहीत, टोपी घालून खिडकी उघडतात आणि घड्याळासमोर उभ्या राहतात, आकडा उतरेपर्यंत. पहिल्यांदा मला वाटलं फोडणीच्या वासाचा राग आलाय. नव्हता, एकदा आमटी वाटीभर मागून नेली. जुलैत हे घड्याळ आपल्या माजघरात टांगलं तर त्या काय म्हणतील देव जाणे.

कचऱ्याचे चार डबे, काचेचे रंग वेगळे, एकदाच वापरायची बाटली परत दिली की पंचवीस सेंट, हे सगळं आहे. "एवढं शिकून कचरा निवडतेस" असं आत्या म्हणाली ते कळलं. हो, निवडते. इथे डॉक्टरही निवडतात.

सासूबाईंना तुमच्याशी बोलायचंय, बाबा. त्यांच्या तरुणपणी इथून जवळच वील नावाच्या गावात अणुभट्टी येणार होती. द्राक्षमळेवाल्यांनी, त्यांच्या बायकांनी 1975 च्या फेब्रुवारीत जागेवर जाऊन ठाण मांडलं, त्यात ह्या होत्या, तेव्हा विशीच्याही आत. ती भट्टी शेवटपर्यंत झाली नाही. मी आपल्या जैतापूरच्या अणुप्रकल्पाचं सांगितलं, आंबेवाले आणि मच्छीमार कसे एकत्र आले, तुम्ही माडबनच्या सड्यावर मोर्चाला कसे जायचात, तर त्यांनी नकाशा काढून राजापूर शोधलं. "मग शेवटी काय झालं?" विचारतात. मी म्हटलं, रद्दही होत नाही आणि उभीही राहत नाही. हे त्यांना समजेना. त्याच जेवणावर मी असंही म्हटलं की तुम्ही जर्मनांनी 2023 मध्ये शेवटच्या अणुभट्ट्या बंद केल्यात, पण कोळसा चालूच ठेवलात. तेव्हा दोघं मायलेक आपापल्या ताटात बघू लागले. बोलायला नको होतं असं नाही वाटत मला. इथे बरंच काही चांगलं आहे, सगळंच नाही.

आता घर कोणाच्या नावावर, हे दादामार्फत विचारलंत ते. सासूबाईंनी घर तुमच्या जावयांच्या नावावर केलंय, नोटरीसमोर, इथल्या सातबाऱ्याला तशी नोंद झाली. तळमजल्यावर मरेपर्यंत राहण्याचा हक्क त्यांनी स्वतःकडे ठेवलाय, त्याचीही नोंद आहे. माझा अर्धा हिस्सा लागायचाय. सुनेला थेट दिलं की कर बराच बसतो, मुलामार्फत आलं की नाही, म्हणून हे दोन टप्पे. कोणी मला फसवत नाहीये. माझे पैसे गेलेत ते माझ्याच घरात गेलेत, बाबा. "लेकीने दुसऱ्याचं छप्पर शाकारलं" असं तुम्ही म्हणालात असं दादा म्हणाला. नसाल म्हणालात तर उत्तमच. म्हणाला असाल तरी मला राग नाही.

त्याच दादाने हेही सांगितलं की गेल्या पावसात ओटीवर तीन पातेली ठेवावी लागत होती. तुम्ही फोनवर बोलला नाहीत. मी इथे छपराच्या थराची जाडी सेंटिमीटरमध्ये मोजत होते तेव्हा.

तर पैशाचं. शाकारणीला दोन लाख देते म्हटलं होतं. या आठवड्यात एक लाख टाकलेत. बाकीचे थांबलेत ते अशासाठी: तेलाची भट्टी काढून पंप बसवला की तीस हजार युरोंपर्यंतच्या खर्चावर सरकार निम्म्याहून थोडं जास्त परत देतं, पण काम पुरं झाल्यावर आणि सगळे कागद लागल्यावर. आधी सगळे आपणच घालायचे. ते घातले. एकूण किती झाले लिहीत नाही, बाबा लगेच शंभराने गुणतील. परतावा आला की उरलेला लाख पहिला तुमचा. तोवर मंगलोरी कौलं आणि रिपा मृगाआधी होऊ द्या, वासे पुढच्या वर्षी बघू. सोसायटीचं कर्ज काढू नका, हात जोडते.

दादाच्या लग्नाला आम्ही दोघं येतोय, मेच्या पहिल्या आठवड्यात, तिकिटं काढली. करवली मीच, आत्याच्या मुलीला आत्ताच सांगून ठेवा. जावयांना मुंडावळ्या वगैरे काही बांधू नका, लग्न त्यांचं नाही हे गेल्या वेळी त्यांना कळलंच नव्हतं. होणाऱ्या वहिनीच्या घरचे हुंडा नको म्हणालेत आणि मानपानही साधाच ठेवू म्हणतात, तर आईने जास्त ताणू नये.

आणि गणपतीला यंदा येणं होणार नाही. आई, रागावू नकोस, पुढचं वाच. वर्षातून एकदाच विमान, असं आम्ही दोघांनी ठरवलंय. घरातली उष्णता चमच्याने वाचवायची आणि वर्षातून दोनदा मुंबई गाठायची, म्हणजे सगळी बचत आकाशात सोडायची. हे मला पटतं. माझ्यावर कोणी लादलेलं नाही, आणि पैशाचाही भाग आहेच. पण गौरीपुढे वहिनीचा पहिला ओवसा असेल आणि घरची लेक हजर नसेल, हे मला कळत नाही असं समजू नका. तिच्या सुपासाठी साडी मेमध्येच आणून ठेवते. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधताना फोन लावा आणि आरती संपेपर्यंत बंद करू नका. आमच्याकडे तेव्हा सकाळ असेल, सुट्टी टाकेन.

आई, वरच्या तिसऱ्या खोलीबद्दल तू दोनदा विचारलंस. सध्या तिथे मी कामाला बसते आणि कपडे वाळत घालते. खोली चांगली आहे, ऊन येतं. बाकी लग्नाला आल्यावर बोलू, मावशीसमोर नको.

बाबांच्या गोळ्या वेळेवर. कलम मोहरलं का ते कळवा.

तुमची,
मनू

ता. क. एक लाखाची पावती दादाला व्हॉट्सॲपवर पाठवली होती आणि बाकीचं पत्रात लिहीपर्यंत बाबांना दाखवू नकोस म्हटलं होतं. आता दाखवली तरी चालेल.