नवरात्राला का येत नाही

ती. बाबा आणि आई,
सा. न.

नवरात्राला येत नाही असं फोनवर सांगितलं तेव्हा आई गप्प झाली आणि बाबा म्हणाले, "उपग्रह आकाशात, मग तू इथे काय नि तिथे काय!" म्हणून नीट लिहायला बसले.

आधी एक्स-रेचं. आई, मुलगी एक्स-रेमध्ये आहे असं तू शेजारी सांगितलंस आणि काकूंनी गुडघ्याची फिल्म माझ्यासाठी जपून ठेवलीय, हे दादाकडून कळलं. किरण तेच गं, पण काम उलटं. बाबांच्या छातीचा फोटो काढताना यंत्र किरण सोडतं आणि फिल्मवर सावली पडते. मी काहीच सोडत नाही. तिकडून येतात का, ते बघत बसते. ते हवेत विरून जातात, म्हणून दुर्बीण अंतराळात ठेवावी लागते.

'तिकडून' म्हणजे कुठून? पहाटे गच्चीवर गेलात तर मृगातला तांबूस काक्षी आणि त्याच्या पूर्वेचा प्रश्वा या दोन ताऱ्यांमध्ये मनाने एक रेघ ओढा. काक्षीपासून तिसऱ्या हिश्श्यावर, रेघेच्या जरासा खाली माझा तारा आहे. दिसणार नाही, फार मंद आहे. २००७ मध्ये नामिबियातल्या 'हेस' दुर्बिणींना तिथे गॅमा किरणांचा (क्ष-किरणांहूनही जोरकस असतात ते) ठिपका सापडल्याचं जाहीर झालं. कशाचा ते कळेना. त्याच वर्षी सप्टेंबरात युरोपची 'एक्सएमएम-न्यूटन' ही अंतराळातली क्ष-किरण दुर्बीण तिकडे वळवली, तर ताऱ्याच्या जागीच क्ष-किरण! मग 'स्विफ्ट' उपग्रहाने वर्षानुवर्षं पाळत ठेवली आणि २०११ मध्ये कळलं की हे किरण सुमारे ३२० दिवसांनी पुन्हा पुन्हा उसळतात. आता ३१७ धरतात. म्हणजे तारा एकटा नाही, कुणीतरी त्याच्याभोवती फिरतंय. न्यूट्रॉन तारा की कृष्णविवर, ते अजून कुणालाच ठरवता आलेलं नाही.

आता नवरात्राचा संबंध. एक्सएमएमला आपले सौरपंख सूर्यासमोर धरावे लागतात, म्हणून ती सूर्याशी साधारण काटकोन करूनच बघू शकते. तुमच्याकडे आर्द्राचा पाऊस असतो तेव्हा सूर्य माझ्या ताऱ्याच्या आसपास असतो. तिथून तीन महिने पुढे मोजा: पितृपक्ष-नवरात्र. दुसरी संधी गुढीपाडव्याच्या सुमारास. दोन्ही वेळा जेमतेम काही आठवडे. त्यात ३१७ दिवसांचा फेरा, म्हणजे उसळी दरवर्षी ४८ दिवस अलीकडे सरकते. अधिक महिना न धरणारं पंचांगच म्हणा! उसळी आणि संधी एकत्र येणं काही वर्षांतून एकदा घडतं. यंदा घडतंय, आणि नेमकं घटस्थापनेच्या आठवड्यात.

बाबा, तुमचा मुद्दा राहिलाच. उपग्रह माझ्याशिवाय बघेल, खरं आहे. पण तिथले क्ष-किरण आणि गॅमा किरण बहुधा एकाच इलेक्ट्रॉनांचे. चुंबकीय क्षेत्रात वळताना ते क्ष-किरण टाकतात, ताऱ्याच्या प्रकाशाला धडकून त्याचेच गॅमा किरण करतात. दोन्ही एकाच वेळी मोजले, तरच तिथलं चुंबकीय क्षेत्र किती असेल याचा अंदाज बांधता येतो. एक पारडं आज आणि दुसरं पुढच्या सोमवारी भरलं, तर तराजू काय सांगणार? म्हणून त्याच रात्री नामिबियातही कुणीतरी हवं. तिथल्या दुर्बिणी गॅमा किरणामुळे हवेत उमटणारी क्षणभराची निळी चमक टिपतात. त्यासाठी काळोख लागतो, म्हणून शिफ्ट अमावास्येच्या अवतीभवती. सर्वपित्रीपासून पुढचे दिवस माझ्या वाट्याला आलेत. तारा मध्यरात्रीनंतर उगवणार आणि नीट वर यायला दोन वाजणार. आई काकड्याला उठते तेव्हा मी जागीच असेन.

एवढं करून हाती काही लागेलच असं नाही. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ताऱ्यासाठी वेळ मिळाला होता, तर अंतराळात कणांचं वादळ आलं आणि निम्मं निरीक्षण वाया गेलं. तेव्हा मी तीन दिवस कुणाशी धड बोलले नव्हते. आईला वाटलं होतं तब्येत बिघडली.

दिवाळीचं तिकीट काढलंय. हो, दिवाळीही अमावास्येलाच येते, माझ्या लक्षात आहे. पण ती शिफ्ट दुसऱ्याची आहे.

माळ बांधायला बाबांना स्टुलावर चढू देऊ नकोस. दादा रोज संध्याकाळी येऊन बांधेल, मी त्याला दोनदा बजावलंय. आणि खोकला दसऱ्यापर्यंत गेला नाही तर डॉक्टरांकडे जा, सुंठ-गूळ पुरे झालं.

तुमची,
मनू