नोंदी कुठे राहणार ते आधी ठरव

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. कामांची यादी, टिपणं आणि सवयींची नोंद एकत्र ठेवणारं स्वतःपुरतं वेब ॲप तू करायला घेतलंस, फार आनंद झाला. रिअ‍ॅक्ट घेऊ की स्वेल्ट, म्हणजे पडद्यावरची बाजू कोणत्या साधनाने लिहू, हे तू पहिल्याच ओळीत विचारलंयस. ते मी मागे ठेवतो. दिसणारी बाजू पुढे कधीही नव्याने लिहिता येते, गेलेल्या नोंदी मात्र परत येत नाहीत.

हे मी अनुभवाने सांगतोय. माझ्या पहिल्या ॲपमध्ये सगळं लोकलस्टोरेजमध्ये, म्हणजे ब्राउझरच्याच साठ्यात, ठेवलं होतं. सर्व्हर नको, लॉगिन नको, एका रात्रीत तयार. मग कामाच्या गडबडीत दोन-तीन आठवडे ते उघडलंच नाही आणि उघडलं तेव्हा पान कोरं. बरेच दिवस हात न लागलेल्या साइटचा साठा मी वापरत होतो तो ब्राउझर आपणहून पुसतो, हे मला तेव्हा कळलं. अजून हळहळ वाटते.

म्हणून नोंदी सर्व्हरवर ठेव, आणि एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये ठेव. रिचर्ड हिप यांनी २००० साली सुरू केलेलं हे काम २०५० पर्यंत सांभाळायचा त्या मंडळींचा जाहीर इरादा आहे. अख्खा डेटाबेस म्हणजे एक फाइल. पोस्टग्रेस हा डेटाबेस सर्व्हरही उत्तमच, पण एकट्या माणसासाठी तो वेगळा चालवत ठेवण्याचा व्याप कशाला? एवढं मात्र जप: वॉल मोड (नवे बदल आधी वेगळ्या फाइलीत लिहिण्याची पद्धत) चालू केलास तर बॅकअपला नुसती मुख्य फाइल उचलू नकोस, ताज्या नोंदी शेजारच्या फाइलीत असू शकतात. ‘व्हॅक्यूम इनटू’ ही आज्ञा पूर्ण प्रत काढून देते.

तू रोज पायथन लिहितोस, तेव्हा जँगो हे पायथनमधलं वेब ॲपचं तयार साधन घे. लॉगिन, मायग्रेशन (टेबलांमधले बदल लागू करण्याची सोय), ॲडमिन सगळं आयतं मिळतं. पानं सर्व्हरवरच तयार कर, जावास्क्रिप्ट लागेल तेवढीच.

खरा अवघड मुद्दा तू एका ओळीत उरकलास: ‘ऑफलाइनही चालायला हवं.’ एकच टिपण नेट नसताना फोनवरही बदललंस आणि लॅपटॉपवरही, तर खरं कोणतं? शेवटचं लिहिलेलं खरं धरलं, तर दुसरीकडचा परिच्छेद जातो. पण ऑफलाइन असताना फक्त नवं काम टिपता आलं, तर भागेल का? मग भांडणच मिटतं. प्रत्येक नोंदीला फोनवरच यूयूआयडी, म्हणजे पुन्हा न येणारा ओळख-क्रमांक, द्यायचा, ती ब्राउझरच्या इंडेक्स्डडीबी या साठ्यात रांगेला लावायची आणि नेट आलं की पाठवायची. दोनदा गेली तरी आयडीवरून ओळखता येते.

आणि मुदत ही नुसती तारीख म्हणून साठव. मी मध्यरात्रीची वेळ यूटीसीत, म्हणजे आपल्याहून मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत, बदलून ठेवली होती. सगळ्या मुदती एक दिवस आधीच्या दिसायला लागल्या.

टेबलांचा आराखडा झाला की लगेच पाठव. काम आणि सवय एकाच टेबलात ठेवायचा तुझा विचार मला खटकतोय. काम एकदा झालं की संपतं, सवयीला रोज नवी ओळ लागते. तेवढं कोड लिहायच्या आधी बोलून घेऊ.

तुझाच,
जुना मित्र