घाबरलेल्या कोंबड्यांविषयी

१० ऑगस्ट

प्रिय दिनेश,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. भर दुपारी खुराड्यात कुठलं तरी जनावर शिरलं, अकरा कोंबड्यांतल्या तीन गेल्या, कोंबडाही गेला, हे वाचून फार वाईट वाटलं. उरलेल्या आठ कोपऱ्यात अंग चोरून बसतात, अंडी बंद झालीत, संध्याकाळी खुराड्यात न शिरता फणसावर चढतात, असं लिहिलंयस. कोंबडीला एवढं कळतं का, असंही विचारलंयस. कळतं रे. कोंबडी सोबतच्या प्रत्येकीला ओळखते. धोका जमिनीवरून आला तर एक आवाज काढते, आभाळातून आला तर दुसराच. त्यामुळे तिच्या या भीतीला तू खरी भीतीच समज.

पण आधी त्यांना जखमा नाहीत, हे पक्कं कर. दिवसा पाठलाग करून पकडू नकोस, त्याने त्या आणखी बिथरतील. अंधार पडला की त्यांना नीट दिसत नाही, तेव्हा मंद उजेडात एकेक उचल. पंखांखाली, पाठीवर, शेपटीच्या बुडाशी फुंकर मारून पिसं बाजूला सार. दाताची भोकं बारीक असतात, वरून पिसं जागच्या जागी दिसतात आणि आत पू होतो. सापडलं काही, तर एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ घालून धू. चहाचा चमचा घेतलास तर सपाट दीड चमचा. मग पोव्हिडोन आयोडीन कोऱ्या चहाच्या फिक्या रंगाइतकं पातळ करून लाव. या पावसात माश्या सोडत नाहीत, एका दिवसात जखमेत अळ्या पडू शकतात, म्हणून सकाळ-संध्याकाळ बघ. भोक खोल असेल तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ने. चावा मांजराचा असेल तर नक्कीच ने, कारण मांजराच्या तोंडातले जंतू पाखराला फार लवकर मारतात.

जखमी कोंबडीला बाकीच्यांपासून वेगळी ठेव, कारण रक्त दिसलं की त्याच तिला टोचतात. पण घरात नेऊन एकटी कोंडू नकोस. डालग्याखाली किंवा जाळीच्या पिंजऱ्यात, बाकीच्यांना ती आणि तिला बाकीच्या दिसतील अशी ठेव. नजरेआड गेली तर परत सोडताना त्या तिला परकी समजून मारतील.

पहिले दोन दिवस एका भांड्यात ओआरएस दे, माणसांसाठीची पुडी चालते, लिटरला एक. रोज ताजं कर. शेजारी साधं पाणी हवंच. संध्याकाळी गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपून बघ. भरलेली लागली तर ती खातेय. दोन संध्याकाळी रिकामी लागली तर मात्र थांबू नकोस, दवाखान्यात ने. आई मायेने सुकट घालतील, तर ती आधी भिजवून खारटपणा काढायला सांग. कोंबड्यांना जास्त मीठ सोसत नाही.

आता खुराडं. यात हयगय झाली तर बाकीचं सगळं फुकट. भर दुपारी, दाराखालच्या फटीतून शिरलं, म्हणजे मुंगूसच असावं. रानमांजर बहुधा तिन्हीसांजेला किंवा पहाटे येतं. एकदा खायला मिळालं की जनावर परत येतं, आणि ते भोवती फिरत असेपर्यंत कोंबड्या सावरणार नाहीत. षटकोनी जाळी काढ, अर्धा इंची वेल्डमेश, म्हणजे जोड दिलेल्या जाड तारांची चौकोनी जाळी, लाव. तुझ्याकडे जांभा, खाली जाळी पुरायला खणता येणार नाही. मग तीच जाळी बाहेरच्या बाजूला जमिनीवर दोन फूट आडवी पसर आणि वर चिऱ्याचे तुकडे रच. उकरणारं जनावर भिंतीच्या बुडाशीच उकरतं, तिथे त्याला जाळी लागते. दाराखाली अर्ध्या इंचाहून जास्त फट नको. फासा किंवा विष लावू नकोस. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मुंगसाला संरक्षण आहे, आणि विष तुझ्या मांजरापर्यंतही पोचेल.

खाली अंथरलेला जुना तूस सगळा काढ. रक्ताचा वास राहिला तर त्या आत जायला बिचकतील. फरशी धुऊन चुना मार, पूर्ण वाळू दे, मग नवा तूस घाल. बसायची दांडी दारापासून लांबच्या भिंतीला, दोन-अडीच फुटांवर लाव. तरीही आठवडाभर काही जणी फणसावर जातील. रागावू नकोस, अंधार पडल्यावर उचलून दांडीवर ठेव.

भीती घालवायला औषध नाही. ती जाते रोज तेच, त्याच वेळी घडल्याने. दाणा एकाच माणसाने, एकाच भांड्यातून, नेहमीची हाक मारून घालावा. ते काम आईंकडे दे, त्यांचा आवाज कोंबड्यांच्या ओळखीचा आहे. पाहुणे, पोरं, कुत्रा पंधरा दिवस लांब. कण्या एका ठिकाणी न ओतता तुसात विखर, म्हणजे उकरत बसतील. उकरणारी कोंबडी सारखी मान वर करून बघत नाही. पडवीत कोरड्या कोपऱ्यात राख आणि माती मिसळून ठेव. ज्या दिवशी एखादी त्यात पसरून लोळेल, त्या दिवशी भीती उतरायला लागली असं समज. जिवाची धास्ती असताना कोंबडी धुळीत लोळत नाही.

अंड्यांची घाई नको. एक अंडं पोटात तयार व्हायला सुमारे २५ तास लागतात. मधेच धसका बसला की ते अडतं, म्हणून पहिली एक-दोन मऊ कवचाची किंवा सुरकुतलेली निघतील. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेव. दोन-चार आठवडे धर. पिसं झडायला लागली तर आणखी लांबेल.

कोंबडा लगेच आणू नकोस. तो गेल्यावर त्यांच्यात कोण वरचढ हे नव्याने ठरतंय, भांडणं होतील. दाण्याची दोन भांडी ठेव, म्हणजे खालची उपाशी राहणार नाही. महिन्याने नवा आणलास तर आधी तीन-चार आठवडे पूर्ण वेगळा, मग आठवडाभर जाळीपलीकडे. नाहीतर त्याच्याबरोबर रोग घरात येईल, आणि धसक्याने आधीच त्यांची ताकद कमी झालीय. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस कधी द्यायची ते डॉक्टरांना विचारूनच ठरव.

आज रात्री तपासल्यावर कुणाच्या अंगावर काय सापडलं ते लगेच कळव. ती तांबडी तलंग, ती कोवळी कोंबडी, खाते का, तेही लिही. आईंना नमस्कार.

तुझा,
विनायक