त्या बादलीत पैसे टाकायचे असतात

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला एडिनबरा फ्रिंजवरचा, म्हणजे स्कॉटलंडमध्ये दर ऑगस्टला भरणाऱ्या नाट्य-विनोदाच्या महोत्सवावरचा लेख वाचला. लेख चांगला आहे, छायाचित्रंही सुरेख आहेत. पण मधोमध 'खिशाला परवडणारी सहल' म्हणून जी चौकट टाकली आहे, ती वाचून आलेला राग अजून उतरलेला नाही. शेकडो कार्यक्रम तिथे चक्क फुकट असतात, नुसतं आत जाऊन बसायचं, असं तुम्ही छापलंत. हे चूक आहे, आणि या चुकीचा परिणाम मी समोर बसून पाहिला आहे.

मागे ऑगस्टमध्ये मी ग्लासगोला मुलीकडे होते. तिथून एडिनबरा रेल्वेने तासाभरावर. रॉयल माइल या तिथल्या जुन्या मुख्य रस्त्यावरच्या गर्दीत पत्रकं वाटणारी माणसं म्हणजे बहुतेक वेळा नट-लेखक स्वतःच. सकाळी पत्रकं वाटायची, दुपारी प्रयोग करायचा, संध्याकाळी पुन्हा पत्रकं. एका पंचविशीतल्या मुलीने मला असंच एक पत्रक दिलं आणि 'नक्की या हं' असं इतकं मनापासून म्हणाली, की मी गेले. पबच्या मागची बुटक्या छताची खोली, पबातल्याच खुर्च्या, एक माइक, एक दिवा. विषय वडिलांचं आजारपण. तासभर एकटी उभी राहून तिने आम्हाला हसवलं आणि शेवटच्या दहा मिनिटांत सगळी खोली गप्प केली. मी दादरची आहे. छबिलदास शाळेच्या सभागृहात 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने १९७४ पासून जी प्रायोगिक नाटकं केली, ती साध्या खुर्च्यांवर बसून बघत मोठी झाले. जिवंत प्रयोग म्हणजे काय ते मला कळतं, आणि तो जिवंत प्रयोग होता.

आम्ही प्रेक्षक डझनभर असू. त्यातले निम्मे आपलेच मराठी लोक, बाहेर पाऊस आला म्हणून शिरलेले. पुढच्या रांगेत बसून प्रयोगभर आपसात बोलत होते, एकाने तर फोनवर फोटोही काढले. ती मुलगी काही बोलली नाही. प्रयोग संपल्यावर तिने सांगितलं की इथे तिकीट नाही, दाराशी बादली धरून मी उभी राहते, आवडलं असेल तर जमेल तेवढं टाका, कार्डानेही चालेल. मग ती खरंच दाराशी जाऊन उभी राहिली. ही सहाही माणसं खाली बघत तिच्यासमोरून निघून गेली. एकानेही काही टाकलं नाही. बाहेर आल्यावर मी त्यांना थांबवून विचारलं, तर त्यातले एक गृहस्थ म्हणाले, "अहो मावशी, हे फुकटच असतं. पेपरात वाचूनच आलोय आम्ही."

काय बोलणार? मी परत आत गेले, बादलीत त्यांच्या वाटचेही पैसे टाकले. त्या मुलीला कारण सांगायला मात्र जीभ रेटली नाही. आपल्या माणसांची लाज वाटली ती वाटलीच. पण पेपरात कुणी हे लिहिलं, याचा संताप जास्त आला. कालच्या चौकटीत पुन्हा तेच वाचलं.

आपल्याकडे कीर्तनाला तिकीट नसतं, पण आरतीचं तबक समोर आलं की कुणी मान फिरवत नाही. ती बादली म्हणजे ते तबकच आहे. पबवाला खोली देतो, त्याचा धंदा पेयांवर होतो. कलाकाराच्या हातात येतं ते फक्त बादलीतलं. त्यातून त्याला प्रवास भागवायचा असतो, ऑगस्टमध्ये गगनाला भिडलेलं घरभाडं भागवायचं असतं. अधिकृत कार्यक्रमपत्रिकेत पूर्ण मुदतीसाठी नाव छापून घ्यायचं तर ४०० पौंडांच्या आसपास शुल्क पडतं, ते वेगळंच. पाच-दहा पौंड टाकणं ही तिथली साधी रीत आहे. दहा पौंड म्हणजे आपले हजारावर रुपये, मला मान्य आहे. पण तिकीटवाल्या छोट्या प्रयोगालाही तेवढे किंवा जास्तच पडतात. आणि स्कॉटलंडपर्यंत विमानाने जाणाऱ्या माणसाने तळघरातल्या कलाकाराशी पैशांची काटकसर करावी, असा सल्ला वर्तमानपत्राने देऊ नये.

लेखात आणखी एक चूक आहे. जगभरातून 'निवडलेले' कलाकार तिथे येतात असं तुमच्या लेखकाने लिहिलं आहे. फ्रिंजला निवड समितीच नाही. १९४७ साली एडिनबराच्या मुख्य, आंतरराष्ट्रीय महोत्सवाचं निमंत्रण नसताना आठ नाटकमंडळी आपण होऊन आली आणि त्यांनी प्रयोग केले, तिथून हे सगळं सुरू झालं. आजही जागा मिळवून शुल्क भरणारा कुणीही प्रयोग करू शकतो. म्हणून तर २०२४ साली तीन हजारांहून जास्त कार्यक्रम झाले आणि २६ लाख तिकिटं गेली. निवडणारा कुणी नसल्यामुळे प्रेक्षकाची जबाबदारी वाढते. अनोळखी माणसाच्या प्रयोगाला जायचं, शेवटपर्यंत बसायचं, आणि त्याचे पैसे द्यायचे. तुमच्या लेखात मात्र सगळी नावं टीव्हीवर गाजलेल्यांची. २०२३ साली मुंबईची स्टँड-अप विनोदकार उरूज अशफाक हिला तिथल्या कॉमेडी अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार मिळाला, तेव्हा आपल्याला केवढा अभिमान वाटला! तीही तिथल्या बहुतेकांना अनोळखीच होती. कुणीतरी पहिल्यांदा तिकीट काढून आत गेलं असेलच ना?

माझी विनंती एवढीच, की येत्या रविवारी त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत दुरुस्ती छापा. त्यात स्पष्ट लिहा की तिकीट नसलेल्या कार्यक्रमाच्या शेवटी पैसे द्यायचे असतात, आणि सुटे नसतील तर बहुतेक ठिकाणी कार्ड चालतं.

आणि लिहायला बसलेच आहे तर हेही सांगते. शुक्रवारच्या अंकात आपल्याकडच्या प्रायोगिक नाटकांची तारीख, वेळ, जागा देणारा एक छोटा स्तंभ येत असे. तो तुम्ही न सांगता बंद केलात. आता नाटकांच्या पानावर फक्त व्यावसायिक नाटकांच्या जाहिराती असतात. ज्यांना जाहिरात परवडत नाही, त्यांचा प्रयोग कुठे आहे हे आमच्यासारख्यांनी शोधायचं कुठे? माझ्या वयाच्या कितीतरी लोकांना फोनवर ते सापडत नाही. परदेशातल्या महोत्सवाला तुम्ही दोन पानं दिलीत, मला आनंदच आहे. शुक्रवारच्या त्या चार ओळीही परत सुरू करा.

आपली,
एक जुनी वाचक, दादर